सातवीतली झांज

वणी, ८ जून

अश्वजित,

सप्रेम जयभीम.

तुहं पाकीट भेटलं. पोस्टमननं ते शेजारच्या रुक्माबाईच्या घरी देलं, रुक्माबाईनं पिठाच्या डब्यावर ठेवलं अन् विसरली, म्हणून उशीर झाला. माह्यावर चिडू नको. पेन ड्राइव्ह चालते. सातवी सिंफनी आहे, अन् तीच ती वाजवणारे मास्तर आहेत ढीगभर. एकच चीज इतक्या जणायनं कायले वाजवाची, हे मले अजून समजलं नाई. तू जर्मनीत रेडिओच्या रेकॉर्डायच्या गोदामात नोकरीले, तुले सगळ्यायची ओळख. मले तर त्यायची नावं वाचताही येत नाई.

बाबानं मात्र आपली सोय करून घेतली. ज्यानं हे सगळं लिवलं तो ऑस्ट्रियातला खेड्यातला शाळामास्तर होता असं तू पह्यल्या खेपेले कळवलं ना, तवापासून तो 'गुरुजी'. अन् काडी घेऊन समोर उभे राह्यते ते 'बँडमास्तर'. बाबा म्हणते, "काडी असो का क्लारनेट असो, वरात कोनत्या चालीनं न्याची ते मास्तरच ठरवते." खाणीत ड्रिलवर ड्युटी करून लगनसराईत बँडमधी क्लारनेट वाजवलेला माणूस, त्याईले कोन शिकवन! कालच्या मास्तराचा निकाल असा: "हा दर चौकात थांबते. नाचणाऱ्यायची हौस पुरवते, पण नवरदेव मांडवात केव्हा पोचन याची याले फिकर नाई." त्याचं नाव ठेवलं वरातवाला. तुह्या यादीत पह्यला जो असन तो.

रीत तीच आहे. सकाऊन चहा झाला का स्पीकरचा मोठा डब्बा लावतो, तासभर ते चालते, मंग बाबा निकाल देते, मी लिहितो, कागदाचा फोटो काढून तुले धाडतो अन् गाडी काढून जिनिंगच्या वजनकाट्यावर कामाले जातो. तू म्हणशीन सरळ फोनवरच लिहित जाय. लिहिलं असतं बाप्पा. पण मी फोनवर बोटं चालवली का बाबाले वाटते मी तुह्याशी बोलून राह्यली, अन् तुह्याशी बोलणं या घरात बंद आहे. कागद पाह्यला का त्याईले बरं वाटते. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी.

बंद कोनं केलं ते मी का सांगू? आई गेल्यावर तिच्या जलदानाच्या दिवशी घर भरलं होतं. तू येऊ शकला नाई अन् तुहा फोन आला. मीच डब्ब्याले जोडला, सगळ्यायले आयकू याव म्हणून. तू नुसता रडत होता. बाबा उठले अन् म्हणाले, "खांदा द्याले आला नाई अन् फोनवर रडून राह्यला. याच्यापुढं तुहा आवाज माह्या कानावर नको पडू देऊ." तू बी असा आज्ञाधारक का तेच धरून बसला. तीन वर्सं झाली. मधात तू हे गाणं धाडलं अन् लिवलं, "ताई, यात माहा आवाज नाई, हे तं आयकाले चालते काय विचार." बाबानं हातातला पेपर घडी करून ठेवला. मंग म्हणाले, "लाव."

तवापासून मी लावून राह्यली.

तुही ताई,
उर्वशी


वणी, ३ जुलै

अश्वजित,

जयभीम.

सात-आठ मास्तर झाले. निकाल लिहितो, पण आधीच सांगतो, या खेपेले बाबा लय तिरसट झाले आहेत. कोनीच पसंत पडत नाई.

टोपीवाला म्हातारा (ज्याच्या फोटोत टोपी आहे तो): "चाल बरी. पण बासरीवाल्याले यानं सुट्टी देली का काय?"

त्याच्यानंतरचा, पातळ मिशीवाला: "सुरुवातीले सारंगीवाले थरथर वाजवते ना, ते यानं काढूनच टाकलं. सरळ जाड सारंगीपासून सुरू. हे गुरुजीले पसंत पडलं नसतं."

त्याच्यानंतरचा: "हा बी बासरीवाल्याले दाबते. सगळे मास्तर मोठ्या वाजेवाल्यायच्या बाजूनं झाले."

मी म्हटलं, बाबा, सारंगीची थरथर आहे ना, मले तं आयकू आली. म्हणाले, "तुले वाटली असन." मी कायले वाद घालू? दिवसभर काट्यावर वादच घालतो. मारेगाव रोडवरच्या जिनिंगचा वजनकाटा म्हणजे काय ते तुले काय माहीत. कापसाची गाडी उभी करा, पुढं घ्या, मागं घ्या, ड्रायव्हर खाली उतरा, असं बोंबलून बोंबलून संध्याकाळी माहा गळा बसते. अन् माहा आवाज तुले माहीत आहे, आधीच पिपाणी. त्यात घरी येऊन बाबाले दहादा विचारा लागते जेवता काय, जेवता काय.

रुक्माबाई भिंतीपलीकडून काल म्हणाली, "काय वं उर्वशी, सकायी सकायी हे मयतीचं काय लावतं? अन् आताशा आवाज किती वाढवला वं!" मी म्हटलं, बाबाले मोठा आवडते. तुह्या नावानं मी शेजारपाजाऱ्यायचे बोल खाऊन राह्यली, एवढं ध्यानात ठेवजो.

अन् बाबा माह्यावर कायचा तरी राग धरून आहेत. सकाऊन निघताना मी दारातून "बाबा, येतो" म्हणतो. आई होती तवापासून त्याईचं उत्तर ठरलेलं, "सावकाश येजो माय." आता पंधरा दिवस झाले, पाठमोरे बसून राह्यते, बोलत नाई. मी काय केलं असन, तूच सांग. भाजीत मीठ? का त्या दिवशी मी डब्बा पुसताना त्यायचा चष्मा खाली पाडला तो?

जाऊ दे. म्हातारपण आहे. मी थकली आहे, म्हणून मलेच सगळं वाकडं दिसत असन.

ताई


वणी, १८ ऑगस्ट

अश्वजित,

तुही चिठ्ठी वाचून मले पह्यले राग आला. खरं सांगतो. तू लिवलं का मी निकाल नीट लिहून घेत नाई.

झांजेचं सांगतो. दुसरा भाग असते ना सातवीचा, तो सावकाश, रडवणारा. तू समजावलं होतं का त्याच्या टोकाले जाऊन एकदाच झांज वाजते अन् संगं ती त्रिकोणी घंटी. काही मास्तर वाजवते, काही वाजवत नाई, कारण कोनी म्हणते झांज गुरुजीचीच, कोनी म्हणते दोस्तायनं त्याईले घालाले लावली. हे बाबाले इतकं आवडलं का विचारू नको. म्हणाले, "गरीब माणूस. ज्यानं जे सांगितलं ते लिहून टाकलं. पण झांज पाह्यजे. तासभर वाट पाह्याले लावली अन् झांज नाई, म्हणजे लगनात अक्षता नाई." तवापासून दर मास्तराच्या वेळी आम्ही झांजेची वाट पाहून राह्यलो. बाबा हात वर धरून बसते, जसं बँडमधी झांजवाल्याले इशारा कराचा तसं.

मंग मी तुले लिवलं: टोपीवाला, झांज नाई. मिशीवाला, झांज नाई. लांब केसाचा, झांज नाई. बाबा प्रत्येक वेळी हात खाली टाकून म्हणाले, "यानं बी नाई वाजवली. भेकड आहे." मी तेच लिवलं. मी तवा पोळ्या लाटत होती, मी कुठं कान देऊन बसतो!

तू लिवलं, लांब केसाच्यात झांज आहे, लय जोरात आहे, बहिऱ्याले बी आयकू येईन.

शुक्रवारी काट्याले सुट्टी होती. बाबा बाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी एकटीनं ते लावलं अन् डब्ब्यापुढं बसली. आहे. झांज आहे अश्वजित. माह्या हातातली वाटी दणकली. मंग टोपीवाल्याचं लावलं. त्याच्यातही आहे.

बाबाचं ध्यान नसन. वय झालं. डोळा लागला असन त्या वक्ती. तू याच्यावर जास्त विचार नको करू. पुढची निकालाची चिठ्ठी धाडतोच.

ताई


वणी, २१ सप्टेंबर

अश्वजित,

जयभीम.

आज कागद बाबापुढं बसून लिहून राह्यली नाई, काट्याच्या खोलीत बसून लिहितो. मागं लपवलं ते सांगाचं आहे.

मी बाबाले घेऊन चंद्रपूरले गेलती, कानाच्या डॉक्टरकडे. नेताना सांगितलं माह्याच कानाले दाखवाचं आहे, नाईतर ते आले नसते. डॉक्टरनं आधी माहे कान पाह्यले, मंग म्हटलं काका, आले आहा तं तुमचेही पाहून घेऊ. काचेच्या खोलीत बसवलं, कानाले भोंगे लावले अन् म्हटलं, आवाज आला का बटन दाबा. मी काचेतून पाहत होती. बाबा बटनावर अंगठा ठेवून ताठ बसले, वाट पाहत. मधातच दाबे, मंग लय वेळ दाबे नाई. मशीनमधून आवाज निघून राह्यला होता अन् बाबा आपले अंगठा धरून बसलेले. माह्यानं पाह्यवलं नाई.

डॉक्टर म्हणाले, नस गेली आहे, आयुष्यभर ड्रिलजवळ उभे राह्यल्यावर होते असं. बारीक आवाज आधी जाते. बासरी, घंटी, झांज, चिमण्या, लेकरायचे आवाज, सगळं बारीक. जाड आवाज उशिरा जाते. पण तेही जाईन, अन् लवकर. कानात घालाचं यंत्र घेतलं. घरी येऊन बाबानं अर्धा तास घातलं, मंग म्हणाले, "कानात कोनी पत्रा कापून राह्यलं," अन् चहापत्तीच्या डब्यात टाकून देलं. रोज चहा करताना मले ते भेटते.

आता दुसरं. मागच्या महिन्यातले निकाल माहे आहेत. बाबाचे नाईत. त्याईनं निकाल देणं सोडलं. नुसते बसून राह्यते, डब्ब्यावर हात ठेवून. मी विचारलं तं म्हणते, "चांगलं आहे." आता दर मास्तराले चांगलं आहे लिवलं असतं तं तुले कळलं असतं. म्हणून मी मन लावून आयकाले बसली, अन् लिवलं.

तू मंग त्याच्यावर लिवलं, "बाबा आजकाल किती बारीक आयकून राह्यले! दुसऱ्या भागात माणूस रडणं संपवून भांडे घासाले उठते असं वाटते, हे त्याईनं म्हटलं ते मी इथं दोघा-तिघायले सांगितलं." ते मी म्हटलं होतं. तुले आवडलं याचं मले बरं वाटलं, हे बी खरं. कोनाले आवडाव म्हणून मी लय दिवसात काही केलं नाई.

पण हे खेळाचं झालं. खरं हे आहे का बाबाच्या कानात जेवढं उरलं आहे तेवढ्यात तुहा आवाज बसाले पाह्यजे. उद्या नाई आयकू आला तं कोनाले दोष देशीन? गुरुजीचे सगळे मास्तर थांबतीन, ते डब्ब्यात बंद आहेत. बाबाचा कान थांबत नाई. तू फोन कर. ही चिठ्ठी वाचली का कर.

तुही ताई


वणी, १३ ऑक्टोबर

अश्वजित,

तुहं उत्तर वाचलं. "बाबानं म्हटलं तं लगेच करीन, पण त्याईनं नको म्हटलं आहे, त्यायचा शब्द मी कसा मोडू?"

वा रे वा! बापाचा शब्द! आई गेली तवा ड्युटी मोडता आली नाई, आता शब्द मोडता येत नाई. मी बाबाले इशाऱ्यानं, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून विचारलं, अश्वजितले बोलवू काय फोनवर? म्हणाले, "त्यानं बंद केलं तं त्यानं सुरू कराव." म्हणजे बंद कोनं केलं हे बी विसरले! खाण तशी माती. सुंभ जळला तरी पीळ जात नाई तुम्हा दोघायचा. अन् मधात मी. एक आयकत नाई अन् एक बोलत नाई, अन् मी दोघायचं आयकतो अन् दोघायशी बोलतो. कंटाळली मी. सकाऊन उठाव, गुरुजी लावाव, बोंबलाव, काट्यावर जाव, तिथं बोंबलाव, घरी येऊन बोंबलाव. कोन्या दिवशी माह्या गळ्यातून शिट्टी निघन नुसती.

मी ठरवलं होतं का ही शेवटची चिठ्ठी. काल दसरा होता, धम्मचक्राच्या दिवसाचा बँड आपल्या गल्लीतून गेला. बाबा दारात उभे राह्यले. पोट्टे चांगले वाजवत होते. बाबा ढोलाकडे पाहत होते, क्लारनेटवाल्याकडे पाह्यलंच नाई. मंग घरात आले अन् मले हात धरून डब्ब्यापुढं बसवलं. म्हणाले, "तो लांब केसाचा लाव. दुसरा भाग."

लावला. बाबा म्हणाले, "झांज आली का बोट वर कर."

त्याईले माहीत होतं अश्वजित. केव्हापासून माहीत होतं कोन जाणे. मी बसली डब्ब्याजवळ. ते माह्या हाताकडे पाहत होते, डोळे न मिटता. झांज आली, मी बोट वर केलं. बाबानं आपला हात खाली आणला, जसा झांजवाल्याले इशारा. मंग म्हणाले, "आहे तं. मी त्याले उगाच भेकड म्हटलं."

मी रडली. बाबा नाई रडले. डब्बा बंद करून मले विचारलं, "उर्वशी, अश्वजितचा आवाज जाड होता का बारीक? आता ध्यानात येत नाई."

मी म्हटलं जाड. त्याईले समजलं नाई. मी दोन हातानं दाखवलं, जाड. म्हणाले, "जाडच होता. मले वाटलंच."

याच्यापेक्षा जास्त ते म्हणणार नाईत. माणूस जन्मभर असाच आहे. तुले याच्यात 'फोन कर' आयकू येत नसन तं डॉक्टरकडे तू जाय, बाबाले कायले नेलं मी.

ताई


वणी, २ नोव्हेंबर

अश्वजित,

जयभीम.

तू तिकडून काय समजला माहीत नाई, म्हणून इकडचं सांगतो.

तुहा फोन आला तसा मी तो डब्ब्याले जोडला, ज्यात गुरुजी वाजते त्याच्यातच, आवाज पूर्ण वाढवून. बाबाले सांगितलं नाई. त्याईले वाटलं रोजच्यासारखा मास्तर लावला. हात डब्ब्यावर ठेवून बसले. अन् तू म्हटलं, "बाबा, जयभीम."

बाबाचा हात डब्ब्यावरून उचलला गेला, चटका बसल्यावानी. म्हणाले, "कोन?" तू म्हटलं, "अश्वजित." बाबा डब्ब्याकडे पाहत होते. मले वाटलं उठून जाते आता. मंग म्हणाले, "आवाज अजून जाड झाला तुहा."

आयकलं त्याईनं. साफ आयकलं. तुहा एक शब्द खाली पडला नाई. त्याईनं विचारलं तू जेवला काय, तू विचारलं बीपीची गोळी घेतली काय, तं हाव म्हणाले. (घेतली नव्हती.) तू वरडून बोलाले लागला तं म्हणाले, "हळू बोल, मी बहिरा नाई." मी तोंडाले पदर लावून हासत होती. मंग त्या लांब केसाच्याचं निघालं. "त्याले सांगजो, झांज त्यानं वाजवली होती, चूक माही होती." तू म्हटलं, "तो मेला बाबा, लय वर्सं झाली." म्हणाले, "मेला? मंग राहू दे."

अन् मंग ते जे बोलले, ते मले बी नवीन होतं. "तुह्या आईच्या वक्ती तू रडत होता अन् मले रडणं येत नव्हतं. त्याचा राग आला मले. तुहा नाई." तू रडला का नाई तिकडे मले माहीत नाई, डब्ब्यातून नुसता खरखर आवाज येत होता. बाबा रडले. रुक्माबाई दारात येऊन उभी राह्यली अन् गुपचूप परत गेली, तिच्या जन्मात पह्यल्यांदा.

फोन झाल्यावर मी बाबाच्या कानाजवळ जाऊन म्हटलं, "चहा ठेवू काय?" ते खिडकीबाहेर पाहत होते. मी मोठ्यानं म्हटलं. अजून मोठ्यानं. त्याईच्या खांद्यावर हात ठेवला तवा दचकून वळले.

तवा मले डॉक्टरचं समजलं. बारीक आवाज आधी जाते. माहा आवाज बारीक आहे अश्वजित. झांजेच्या आधी मी गेली. जुलैमधी मी लिवलं होतं ना का बाबा माह्यावर रुसले, येतो म्हटलं तं उत्तर देत नाई? रुसले नव्हते. तोंडाले स्कार्फ बांधून दारातून म्हणतो मी, ओठ बी दिसत नाई. त्याईच्यासाठी मी केव्हाचीच न बोलता निघून जाऊन राह्यली. आता समोर जाऊन, स्कार्फ सोडून म्हणतो, तं मान हालवते. मान हालवणं म्हणजे 'येजो माय' नाई.

मले वाईट वाटलं. लपवत नाई. तीन वर्सं जो बोलला नाई त्याचं आयकू येते, अन् जी रोज बोलते तिचं नाई. तुहा याच्यात दोष नाई, बाबाचा बी नाई, नशिबानं तुले गळा जाड देला अन् मले पिपाणी. पण वाईट वाटलं.

एक काम कर माहं. रोज नाई, एखाद्या दिवशी. मी सकाऊन साडेआठले निघतो. तुह्याकडे तवा पहाटेचे चार वाजत असन. वाजू दे. उठ. फोन लाव, मी डब्ब्याले जोडून ठेवतो, अन् बाबाले सांग का उर्वशी 'येतो' म्हणून राह्यली. एवढंच सांग. तुह्या आवाजात.

ताई


वणी, ५ नोव्हेंबर

अश्वजित,

तू उठला. घोगरा आवाज होता तुहा, झोपेतून सरळ उठलेला. बरं झालं, अजून जाड लागला.

तुले दिसलं नसन म्हणून लिहितो. मी स्कार्फ बांधून, चाबी हातात घेऊन दारात उभी होती. बाबा पेपर वाचत होते. डब्ब्यातून तू म्हटलं, "बाबा, ताई येतो म्हणून राह्यली."

बाबानं मान वर केली नाई. पेपराचं पान उलटवलं, अन् रोजचंच असल्यावानी, मधात काही खंड पडलाच नसल्यावानी म्हणाले, "सावकाश येजो माय."

मी "हाव" म्हटलं. त्याईले आयकू आलं नाई, तुले आलं असन.

फाटकाबाहेर गाडी थांबवून रडली थोडी. रुक्माबाईनं विचारलं काय झालं वं, म्हटलं डोळ्यात कचरा गेला. मंग निघाली. मारेगाव रोडवर कापसाच्या गाड्यायची रांग होती, एरवी मी मधातून घुसवून पुढं काढतो. काट्यावर उशीर झाला, बोलणी खाल्ली.

आज मी सावकाश गेली.

तुही ताई,
उर्वशी